बॅटरी नवी टाकली तरी गाडी बंद: नवतपातला माझा उपद्व्याप

गाडीतलं मला पेट्रोल टाकणं आणि हवा भरणं एवढंच येत होतं, हे आधीच सांगून ठेवते. आता मल्टिमीटर (व्होल्ट-करंट मोजायचं यंत्र) हातात घेऊन पार्किंगमध्ये उभी असते तर सोसायटीतले लोक विचारतात, ताई काय करून राहिल्या? म्हणून म्हटलं एकदा सगळं तारीखवार लिहूनच टाकावं, कारण या भानगडीत माझे साडेचार हजारांच्या वर रुपये फुकट गेले आणि आणखी दहा हजार जाता जाता वाचले.

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक. रोजचं चालणं म्हणजे नागपुरात त्रिमूर्तीनगर ते सिव्हिल लाइन्स, जेमतेम सहा-सात किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं.

२०२४ चा मे. आम्ही चार दिवस अमरावतीला बहिणीकडे ट्रेनने गेलो होतो, १२ तारखेला रविवारी रात्री परत आलो. १३ ला सकाळी ऑफिसला निघाले, चावी फिरवली तर टक-टक-टक-टक, डॅशबोर्डचे लाइट मंद होऊन परत येतात, सेल्फ काही लागेना. वरच्या मजल्यावरचे काकाजी खाली आले, त्यांच्याकडे जम्पर केबल होती, म्हणजे त्यांच्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करायची वायर. त्यांनी ज्या क्रमाने लावली तो लक्षात ठेवा, मी तेव्हाच मोबाइलमध्ये लिहून घेतला. आधी लाल क्लिप आपल्या मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग लालचं दुसरं टोक त्यांच्या प्लसला, मग काळी त्यांच्या मायनसला, आणि शेवटची काळी आपल्या मायनसला लावायची नाही तर इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून जरा लांब. शेवटची क्लिप लागताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून गॅस निघत असतो, म्हणून. काढायचं उलट क्रमाने. गाडी लगेच सुरू झाली.

काकाजी म्हणाले, "किती वर्षं झाली बॅटरीले? चार? मग गेली समजा. आपल्या इकडच्या उन्हात कुठी टिकते." ते तसं खरंच आहे, उन्हाने बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या प्लेटा लवकर गंजतात, नागपूरच्या बॅटऱ्या मे महिन्यातच मान टाकतात. त्यामुळे मी पुढे काही विचारच केला नाही. हीच माझी पहिली चूक.

संध्याकाळी ऑफिसमधून थेट बॅटरीच्या दुकानात. पोराने छोटं मशीन टर्मिनलला लावलं, दहा सेकंदात म्हणाला, "गेली मॅडम." मशीनवर काय लिहून आलं ते मला दाखवलं नाही, मीही मागितलं नाही. नंतर कळलं की उतरलेल्या बॅटरीला हे मशीन लावलं तर ते बरेचदा चार्ज करून परत तपासा असं सांगतं, म्हणजे खराब आणि उपाशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी बॅटरी चार दिवस उभी राहून उतरलेली होती, सकाळी सात किलोमीटर आणि आता थोडी चालली होती, ती भरली कधी असणार? तर तुम्ही जाल तेव्हा स्क्रीन स्वतः बघा आणि आधी चार्ज करून द्या म्हणा.

नवी ३५ अँपिअर-अवरची (म्हणजे एक अँपिअर करंट साधारण ३५ तास देणारी), जुनी परत देऊन ४,६५० रुपये. वॉरंटी १८ अधिक १८ महिने, पहिले १८ महिने फुकट बदलून मिळते, पुढचे १८ महिने किमतीत सूट. कार्ड आणि बिल पर्समध्ये टाकलं आणि विसरले.

नऊ दिवस गाडी एकदम झकास.

२३ मे ला गुरुवारी बुद्धपौर्णिमेची सुट्टी, शुक्रवारची मी रजा टाकली, पुढे शनिवार-रविवार. बुधवारी संध्याकाळी लावलेली गाडी त्या उन्हात कोण बाहेर काढतंय, कूलर समोरून हलायची इच्छा नव्हती. २५ ला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागला. २६ ला रविवारी सकाळी मुलाला पोहायला न्यायचं म्हणून खाली उतरले तर रिमोटने दरवाजासुद्धा उघडेना. चावीने उघडला. आत एकही लाइट नाही. या वेळी टकटक पण नाही, नुसती शांतता. तेरा दिवसांची नवी कोरी बॅटरी!

काकाजी गावाला गेलेले. मग आठवलं की इन्शुरन्सच्या पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीचं अ‍ॅड-ऑन घेतलं होतं. टोल फ्री नंबरवर अकरा मिनिटं गाणं ऐकलं, पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर, लोकेशनची लिंक, गाडी घरी आहे की रस्त्यावर, सगळं सांगितलं. मेसेज आला की पंचेचाळीस मिनिटांत माणूस येईल. तो आला एक तास चाळीस मिनिटांनी, बिचारा टू-व्हीलरवर पाठीवर बॅटरीची पेटी घेऊन, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. त्याच्या मीटरवर माझी बॅटरी ९.८ व्होल्ट. जम्प करून दिली, पैसे शून्य, सही घेतली. माझ्या पॉलिसीत वर्षातून चार वेळा ही सेवा आहे, तुमच्यात आहे का ते आत्ताच पॉलिसी काढून बघून घ्या, गाडी बंद पडल्यावर पीडीएफ शोधायला लागू नका.

जाताना तो एक वाक्य बोलून गेला, "ताई, दोन्ही टाइमले गाडी उभीच होती काय?" मी हो म्हटलं, पण तेव्हा डोक्यात काही पेटलं नाही. सगळं उत्तर त्या प्रश्नात होतं.

२७ ला सोमवारी दुकान. तिथे आधी मलाच झापलं, लाइट चालू राहिला असेल मॅडम. मग म्हणाले चोवीस तास चार्जिंगला ठेवावी लागेल. वॉरंटी कार्ड काढलं तर त्यावर ना तारीख, ना सीरियल नंबर, ना शिक्का! बिलावर तारीख होती म्हणून वाचले. तिथेच उभी राहून सगळं भरून शिक्का मारून घेतला, बॅटरीवरचा कोरलेला नंबर स्वतः वाचून कार्डाशी जुळवला. बॅटरी ठेवून घेतल्याची पावतीही मागून घेतली, ते द्यायला तयार नव्हते. तेवढे दोन दिवस मी ऑटोने. २८ ला फोन आला, बॅटरी ओके आहे, चार्जिंग उतरणं वॉरंटीत बसत नाही, चार्जिंगचे १५० रुपये, आणि गाडीचा अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र) बघून घ्या.

बॅटरी परत बसवून घेतली आणि तिथून एका गॅरेजला. त्याने बोनेट उघडलं, बेल्ट दाबून बघितला, इंजिन ऐकलं आणि सांगितलं की अल्टरनेटर चार्जिंग देत नाही, नवा ९,५००, फिटिंग वेगळी, रिकंडिशन हवा तर ४,५०० मध्ये करून देतो. मी विचारलं, मीटर लावून बघितलं का? तर म्हणे अनुभव आहे मॅडम. मी म्हटलं उद्या सांगते. खरं सांगू का, मी पैसे देणारच होते. पण पगाराला तीन दिवस होते.

त्या रात्री बाबांना फोन केला. बाबा खामल्याला राहतात, वीज मंडळातून रिटायर होऊन बारा वर्षं झाली. ते पहिलं वाक्य बोलले, "मोजलं का कोणी? का नुसतेच बोलून राहिले सगळे?"

३० ला गुरुवारी संध्याकाळी ते स्कूटरवर आले, प्लास्टिकच्या पिशवीत त्यांचा जुना पिवळा मल्टिमीटर. इंजिन बंद, नॉब डीसी २० व्होल्टवर, लाल टोक प्लसला, काळं मायनसला. स्क्रीनवर १५.८. मी घाबरले, म्हटलं बॅटरी फुटते का काय. बाबा हसले. "इतके व्होल्ट येतच नाही वं. आत सहा सेल असतात, एका सेलचे दोन पॉइंट एक, झाले बारा पॉइंट सहा. हा मीटरच खोटं बोलून राहिला." बघितलं तर स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीकसं सेलचं चिन्ह आलं होतं. मीटरमधला नऊ व्होल्टचा सेल उतरला की हे स्वस्तातले मीटर जास्तीचं दाखवतात. गंमत म्हणजे त्याच दिवशी नागपुरात ५६ डिग्री तापमान झाल्याची बातमी मोबाइलवर फिरत होती, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. बाबांना इतकं हसू आलं की ते बोनेटला टेकून उभे राहिले. "आपला मीटर बी त्याच कंपनीचा दिसते!"

३१ ला चौकातून ४० रुपयांचा सेल आणला आणि मग खरी मोजणी सुरू झाली.

बाबांनी मला एक वही करायला लावली. रात्री गाडी लावल्या लावल्या मोजलं तर १२.९, तो आकडा धरायचा नाही म्हणे, वरवरचा चार्ज असतो, हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करायचे किंवा तासाभराने मोजायचं. तासाभराने १२.६२. म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली की वरचेवर तसं होऊ द्यायचं नाही, कायमची कमजोर होते.

मग इंजिन सुरू करून. बाबांनी सांगितलं सेल्फ मारताना आकडा बघ, किती खाली जातो. १०.६ पर्यंत गेला. ९.६ च्या खाली गेला असता तर बॅटरीत दम नाही असं समजायचं. सुरू झाल्यावर १४.२. एसी फुल, हेडलाइट, पंखा चारवर, सगळं लावून १३.९. म्हणजे अल्टरनेटर अगदी ठणठणीत! साडेनऊ हजारांचा पार्ट, आणि तो चांगला आहे हे कळायला दोन मिनिटं लागली. (साडेतेराच्या खाली असेल किंवा पंधराकडे जात असेल तर मात्र दाखवायचा. आणि हल्लीच्या काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नका.)

शनिवारी १ जून, गाडी हलवलीच नाही. सकाळी १२.४८. रात्री १२.३६. बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, आणि तरी उभ्या उभ्या पाव बॅटरी एका दिवसात गायब. म्हणजे गाडी झोपलेली असताना कोणीतरी वीज खात होतं. मग मला तो टू-व्हीलरवाला मुलगा आठवला.

रात्री नऊला कामाला लागलो, त्याआधी पार्किंगमध्ये उभं राहणं शक्यच नव्हतं. मुलगा टॉर्च धरून. बाबांनी पहिल्यांदा काय सांगितलं असेल तर, "बांगड्या काढ." सोन्याची असो का लोखंडाची, दोन्ही टर्मिनलना एकदम लागली तर पाना टाकल्यासारखंच, हात भाजतो. काढून मुलाच्या खिशात दिल्या.

आता करंट मोजायचा होता, तो मीटर मधे घालून मोजतात. दहा नंबरच्या पान्याने मायनसचं टर्मिनल सोडवलं, मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात टाकली, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं सोडलेल्या केबलला. त्याच्या आधी ड्रायव्हरचा दरवाजा उघडा ठेवून त्याच्या लॉकची कडी स्क्रू ड्रायव्हरने बंद केली, म्हणजे गाडीला वाटतं दरवाजा लागला, आतला दिवा विझतो आणि फ्यूजपर्यंत हात जातो. चावी वर घरात ठेवून दिली. आणि मीटर असा जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटर जळून जाईल.

सुरुवातीला २.१ दाखवलं. बाबा म्हणाले थांब, गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ लागतो. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही तिघं पायरीवर बसून मच्छर मारत होतो. आकडा उतरत उतरत ०.३८ वर आला आणि तिथेच अडला. असायला पाहिजे जास्तीत जास्त ०.०५, घड्याळ आणि अलार्मपुरता. बाबांनी वहीत गुणाकार केला, ०.३८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-अवर. बॅटरी ३५ ची. चार दिवसांत खलास. दोन्ही वेळचा हिशोब तंतोतंत बसला. रोज ऑफिसला जात असले की येता-जाताना भरत होतं म्हणून कळत नव्हतं.

मग फ्यूज. आधी दोन्ही डब्यांचे फोटो काढले. फ्यूज काढायचा प्लास्टिकचा चिमटा झाकणातच अडकवलेला असतो, मला सात वर्षांत माहीत नव्हतं. मी एक एक काढायची, मुलगा मीटर वाचायचा, परत तिथेच लावायचा. "०.३८." "०.३८." "०.३७, नाही, ०.३८." बावीस फ्यूज. चाळीस मिनिटं. बाबांचा बनियन पिळून काढावा असा. एकाही फ्यूजने आकडा हलला नाही. मला रडू यायचंच बाकी होतं, आणि त्याच घाईत मी व्होल्ट बघू म्हणून लाल वायर १० अँपिअरच्या भोकातच राहू देऊन दोन्ही टोकं बॅटरीला लावली. फटकन ठिणगी! टोकाचं पितळ काळं होऊन जरासं वितळलं पण. बाबा काही बोलले नाहीत, फक्त वायर काढून योग्य भोकात लावली आणि माझ्या हातात परत दिली.

मग तेच टॉर्च घेऊन बॅटरीकडे नुसते बघत राहिले. आणि म्हणाले, "ही कायची वायर आहे वं?"

प्लसच्या क्लॅम्पवर जाड केबलच्या मागे एक जास्तीची लाल वायर. काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली, मधे छोटासा फ्यूजचा डबा, तिथून आत डॅशबोर्डखाली गेलेली. म्हणजे थेट बॅटरीवरून, गाडीच्या कुठल्याच फ्यूजमधून न जाता! आम्ही हजार फ्यूज काढले असते तरी काही झालं नसतं. तो डबा उघडून फ्यूज ओढला. मुलगा ओरडला, "०.०२!"

ती वायर कशाची हे मला तत्क्षणी कळलं. संक्रांतीला लहान भाऊ आला होता, ताईच्या गाडीत आवाजच नाही म्हणून त्याने हौसेने सीटखालचा वूफर (जाड आवाजाचा स्पीकर) बसवून दिला होता, अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून. फ्यूज परत लावला आणि सीटखाली हात घातला. गाडी आदल्या रात्रीपासून बंद, आणि तो डबा कोमट. स्वयंपाक उरकल्यावर अर्ध्या तासाने तव्याला हात लावावा तसा. मे महिन्यात गाडीत सगळंच तापलेलं, त्यात हे कोणाला कळणार?

४ जूनला मंगळवारी, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, बाबांच्या ओळखीच्या सेल्फ-डायनॅमोवाल्याकडे गेले. त्याच्या टपरीत टीव्हीसमोर आठ-दहा जण, कोणाला कामात रस नाही. दीड तास बसले, चहा दोनदा झाला. मग त्याने सीट पुढे सरकवली आणि पाच मिनिटांत बोट ठेवलं. वूफरच्या आत अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्याला तीन वायरी, प्लस, मायनस आणि तिसरी रिमोटची. स्टीरिओ चालू झाला की रिमोटच्या वायरीतून करंट येतो आणि अ‍ॅम्प जागा होतो, स्टीरिओ बंद की तो झोपतो. बसवणाऱ्याने स्टीरिओ उघडायचा कंटाळा केला आणि रिमोटची वायर प्लसलाच पिळून टाकली. "रातभर जागा ठेवला बिचाऱ्याले," तो सेल्फ-डायनॅमोवाला म्हणाला. त्याने स्टीरिओ बाहेर काढला, मागची पांढऱ्या पट्ट्याची निळी वायर शोधली, तिथून सीटपर्यंत नवी वायर ओढली. सोबत टर्मिनलं घासून दिली आणि मीटर एसी व्होल्टवर लावून अल्टरनेटरच्या आतले डायोडही तपासले, तिथे पॉइंट शून्य चार व्होल्ट, म्हणजे चांगले. सगळे मिळून ५०० रुपये.

मी विचारलं, जुनी बॅटरी खराब होती का हो? तो म्हणाला, "आता ती परत दिली ना ताई. चार वर्षांची होती, सांगता येत नाही. चार्ज करून पाहिली असती तर समजलं असतं." वहीत हिशोब केला, बॅटरी ४,६५०, चार्जिंग १५०, सेल ४०, वायरिंग ५००, एकूण ५,३४०. त्यातले वायरिंगचे ५०० तेवढे कामाचे.

एक सांगायचं राहिलं, मायनस काढल्यामुळे घड्याळ गेलं, रेडिओची स्टेशनं गेली, आणि काही गाड्यांत स्टीरिओ कोड मागतो, तर तो कोड आधी शोधून ठेवा. माझ्यात मागितला नाही.

भावाला मी काही बोलले नाही. त्याने पुढच्याच आठवड्यात फोन करून विचारलं, वूफर कसा वाजून राहिला? म्हटलं, छान.

मुद्दाम बुधवार रात्रीपासून गाडी उभी ठेवली. ९ जूनला रविवारी सकाळी बाबा पोहे घेऊन आले, तर्री वेगळ्या डब्यात, आणि खाण्याआधी आम्ही खाली गेलो. १२.५८. चावी फिरवली, अर्ध्या फेऱ्यात सुरू. बाबांनी खिशातून कापडी टेपचा तुकडा काढला, त्यावर बॉलपेनने "वूफर, थेट बॅटरीवरून" असं लिहिलं, त्या लाल वायरीला गुंडाळलं आणि बोनेट लावलं. तर्री तोवर गार झाली होती.